सखूची तिसरी चाचणी

वच्छलाबाई ठोंबरे मुलींच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवत. वय बेचाळीस, माहेर गंगापूरकडचं, सासर शहरातलंच. एम.फिल.साठी त्यांनी मुलींच्या पळण्याचा विषय घेतला, तेव्हा स्टाफरूममध्ये हशा पिकला होता. इतिहासाचे एक सर म्हणाले, "बरंय तुमचं. मुलींनी पळायचं, पदवी तुम्हाला." ते बोलणं वच्छलाबाईंच्या मनाला लागलं होतं.

कारण विषय त्यांनी मनापासून घेतला होता. माणसाचं शरीर कष्ट करताना किती प्राणवायू वापरू शकतं, यावर त्याचा दम ठरतो. मोठ्या प्रयोगशाळेत तोंडाला मुखवटा लावतात, फिरत्या पट्ट्यावर पळवतात आणि यंत्रावर थेट मोजतात. असलं यंत्र वच्छलाबाईंनी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं. पण त्याला एक साधा पर्याय होता. मैदानावर चारशे मीटरची चक्कर आखायची, शिट्टी मारायची आणि बारा मिनिटांत मुलगी किती अंतर कापते ते मोजायचं. त्या अंतरावरून सूत्रानं दमाचा अंदाज निघतो. पुस्तकातले तक्ते सगळे परदेशी मुलींचे नाहीतर फौजेतल्या जवानांचे. विहिरीवरून पाणी वाहिलेल्या, रानात गुरं वळलेल्या मराठवाड्यातल्या पोरींचा दम कुणी कधी मोजलाच नव्हता. तो आपण मोजावा, असं त्यांना वाटे.

दोन हजार चार सालच्या जानेवारीत त्यांनी होस्टेलच्या साठ मुली निवडल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांना सभागृहात बसवून छापील फॉर्म वाटले. नाव, वय, उंची, वजन, आणि खाली एक ओळ : पूर्वी किंवा सध्या काही आजार आहे का? घंटा व्हायला पाच मिनिटं उरली होती. मुली एकमेकींच्या कागदात डोकावत कुजबुजत होत्या. वच्छलाबाई व्यासपीठावरून ओरडल्या, "अगं, ते आजाराचं काय वाचत बसलात? तिथं 'नाही' लिहा आणि सह्या करा. पटापट!"

साठही जणींनी 'नाही' लिहिलं.

पहिली फेरी नीट पार पडली. पळणं संपलं की वच्छलाबाई प्रत्येकीची नाडी मोजत. एकदा लगेच आणि एकदा पाच मिनिटांनी. दम चांगला असेल तर पाच मिनिटांत नाडी बरीचशी खाली येते. ते आकडे वहीच्या उजव्या रकान्यात जात, पण प्रबंधात त्यांचा उपयोग नव्हता. प्रबंध अंतराचा होता.

तीन आठवड्यांनी दुसरी फेरी घेतली. त्याच मुली, तेच मैदान, तीच वेळ. चाचणी भरवशाची असेल, तर दोन्ही वेळचे आकडे जुळायला हवेत.

ते जुळलेही. एकटा एकोणचाळीस नंबर सोडून.

"ही कोण?" नानासाहेब सरांनी कागदावर बोट ठेवून विचारलं. ते वच्छलाबाईंचे मार्गदर्शक. तरुणपणी स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू होते. आता गुडघ्यांनी दगा दिला होता, पण मुलं पळवायची हौस कायम होती.

"सखू शिंगाडे. बी.ए. दुसरं वर्ष. लासूर स्टेशनजवळच्या वाडीवरची आहे. मेंढरंवाल्यांची मुलगी."

"पहिल्या वेळी दोन हजार पन्नास मीटर आणि आता सोळाशे चाळीस? एक अख्खी चक्कर गायब! आजारी होती का?"

"नाही म्हणाली."

"मग चालढकल केली असेल पोरीनं. हिच्या एकटीपायी तुमचा सगळा मेळ बिघडतोय. पुन्हा पळवा, नाहीतर काढून टाका तिला. एकतीस मार्चला मुदत संपते, वच्छलाबाई. दोनदा वाढवून घेतलीत. आता विद्यापीठ तिसऱ्यांदा देणार नाही."

सखूला काढून टाकायला वच्छलाबाईंचं मन होईना. साठ जणींत मेंढपाळांच्या घरची ती एकटीच. लहानपणापासून कळपामागं मैलोन्‌मैल चाललेल्या पोरीचा दम शहरातल्या मुलींपेक्षा कसा वेगळा असतो, यावर त्यांनी अर्धं पान मनात लिहूनसुद्धा ठेवलं होतं. त्या अर्ध्या पानाला सखूचा पहिला आकडा शोभत होता, दुसरा नव्हता.

संध्याकाळी त्या होस्टेलवर गेल्या. सखू खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. सावळी, सडपातळ पोर. बोलायला लागली की आधी हसायची.

"काय झालं होतं गं त्या दिवशी? निम्म्यात चालायलाच लागलीस."

"काय नाय मॅडम. दम लागला."

"दम सगळ्यांनाच लागतो. म्हणून चालायचं असतं का? परवा सकाळी ये मैदानावर. आपण दोघीच. तुझं एकटीचं परत घेऊ."

सखू नुसती हसली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. वच्छलाबाईंनी तो होकारच धरला.

ठरल्या दिवशी साडेसहाला मैदानावर दोघीच होत्या. फाटकाशी फकिरा चौकीदार तंबाखू मळत बसला होता. फेब्रुवारी संपत आला होता तरी हवेत गारवा होता. सखू ओढणी कमरेला बांधून आली, पण रेघेवर उभी राहिली नाही.

"मॅडम, आज नको ना," ती म्हणाली. "रात्रभर झोप नाय लागली. आडवं झालं की खोकला यतोय. बसूनच व्हते."

"सर्दी झालीय?"

"नाय. सर्दी नाय."

वच्छलाबाईंनी हातातल्या स्टॉपवॉचकडं पाहिलं. दहाला नानासाहेबांना आकडा द्यायचा होता. "बाराच मिनिटं, सखू. एवढं कर. नंतर मी तुला जन्मात पळ म्हणणार नाही."

सखू रेघेवर जाऊन उभी राहिली.

पहिल्या दोन चकरा तिनं बऱ्या काढल्या. तिसरीत तिचे खांदे वर चढले आणि तोंड उघडं पडलं. चौथीच्या निम्म्यात ती चालू लागली. घड्याळात नऊ मिनिटं झाली होती. वच्छलाबाई मैदानाच्या मधोमध उभ्या होत्या. तिथून त्या ओरडल्या, "पाय उचल! तीनच मिनिटं राहिलीत! ढोंग करू नको, सखू!"

सखूनं त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा पळायला लागली.

पंधरा-वीस पावलं पळाली असेल. वळणावर ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकले आणि मटकन खाली बसली. वच्छलाबाई शिट्टी तोंडात धरूनच धावल्या. सखू खोकत होती. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा फुरसत नाही असा खोकला. तिनं तोंडाला लावलेल्या ओढणीवर गुलाबी फेस आला होता.

फकिरा पळत आला. त्यानं तिला आडवी करायला पाहिलं, तशी सखूनं दोन्ही हातांनी त्याची मनगटं ढकलली. तिचे डोळे बाहेर येऊ पाहत होते. आडवं झालं की खोकला यतोय, हे तिचं मघाचं बोलणं वच्छलाबाईंना आता ऐकू आलं.

"निजवू नका तिला! बसवा, बसवूनच धरा!"

रस्त्यावर पहिली रिक्षा दिसली ती थांबवली. रिक्षावाल्यानं एकदा मागं वळून पाहिलं. "बहनजी, सीधा पकडके बैठो उसको," म्हणाला आणि घाटीच्या सरकारी रुग्णालयापर्यंत त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. वाटेत वच्छलाबाईंनी सखूचं मनगट धरलं होतं. नाडी बोटांखाली कशीही उडत होती. तीन ठोके भरभर, मग काहीच नाही, मग एक मोठा, मग पुन्हा भरभर. ही उडी त्यांच्या बोटांना ओळखीची होती.

घाटीत सखूला लगेच आत घेतलं. प्राणवायू लावला, इंजेक्शनं दिली. दोन तासांनी एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली.

"लहानपणी हिला ताप येऊन सांधे सुजले होते का?"

"मला माहीत नाही. मी शिक्षिका आहे तिची."

"त्या तापानं हृदयाची झडप खराब होते. आवळत जाते. हिची खूप आवळलीय. वर्षानुवर्षं चालू असणार हे. साधं चालणं-फिरणं जमतं, म्हणून कळत नाही. पण पळाली की रक्त पुढं जाऊ शकत नाही, मागं फुप्फुसात तुंबतं. आज तेच झालं. त्यात ठोकेही अनियमित झालेत." ती थांबली. "याआधी पळाली होती का ती?"

"दोनदा."

"तेव्हा नाडी कुणी पाहिली होती?"

"पाहिली होती," वच्छलाबाई म्हणाल्या.

"किती होती?"

"लक्षात नाही," त्या म्हणाल्या.

दुपारी त्या महाविद्यालयात गेल्या, कपाट उघडलं आणि उभ्या-उभ्याच वही काढली. एकोणचाळीस नंबर. पहिली फेरी, पाच मिनिटांनंतर : एकशे अठ्ठेचाळीस. तिच्या वरच्या आणि खालच्या मुलींचे आकडे शंभराच्या आसपास होते. दुसरी फेरी, पाच मिनिटांनंतर : एकशे छप्पन्न. आणि त्यापुढं बारीक अक्षरात, त्यांच्या स्वतःच्या हातचं : 'मोजताना चुकतंय, ठोका सापडत नाही.' त्यांना आठवलं. त्या दिवशी त्यांनी तीनदा मोजून पाहिलं होतं. तिन्ही वेळा वेगळा आकडा आला, तेव्हा थंडीनं आपलीच बोटं बधिर झालीत असं समजून त्यांनी मधला आकडा लिहून टाकला होता. सगळं डोळ्यांपुढं होतं. त्या दुसऱ्याच रकान्याकडं बघत होत्या.

प्राचार्यांनी बोलावणं धाडलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "मुलीनं फॉर्म भरलाय ना? त्यावर काय आहे?"

"'नाही' आहे."

"सही आहे?"

"आहे."

"मग झालं तर. तुमचा काही दोष नाही, मॅडम. तिनं आजार लपवला. तेवढा फॉर्म माझ्याकडं आणून द्या. आणि तुमच्या त्या वह्याबिह्या कुणाला दाखवत बसू नका. त्यांची कुणाला गरज नाही."

वच्छलाबाईंनी फॉर्म आणून दिला. ते 'नाही' आपणच लिहायला लावलं, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन वाजला आणि त्या बाहेर आल्या. आपण बोललो नाही याचं त्यांना पायऱ्या उतरताना बरंच वाटलं. पुढं कित्येक दिवस त्यांना लाज वाटत राहिली ती त्या बरं वाटण्याचीच.

सखूचे आईबाप तिसऱ्या दिवशी आले. मेंढरं गोदावरीकडच्या, ऊस तोडून झालेल्या फडांत खतासाठी बसवली होती. निरोप वाडीवर गेला, वाडीवरून माणूस रानात गेला, त्यात दोन दिवस मोडले. भिकन शिंगाडे उंच, काटक माणूस. खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल रुमाल. म्हाळसाबाई त्याच्या मागं. आधी ते महाविद्यालयात गेले, तिथं प्राचार्यांशी बोलले आणि मग घाटीत आले.

वॉर्डाच्या व्हरांड्यात वच्छलाबाईंना पाहताच भिकननं दोन्ही हात जोडले.

"मॅडम, माफी करा."

वच्छलाबाईंना कळेना. "कशाची?"

"सायबांनी कागद दावला. पोरीनं त्याच्यावर 'नाय' लिवलं म्हने. ती धा वर्साची आसतानी तिचे गुडघे टरटरून सुजले व्हते. महिनाभर तापानं फणफणली. आमाला ठावं व्हतं, तिलाबी ठावं व्हतं. लिवाया पायजे व्हतं तिनं. तुमी यवढ्या मायेनं पोरीला पुढं काढायलात, आन तिच्यापायी तुमच्या नावाला बट्टा."

"असं काही नाही हो," वच्छलाबाई म्हणाल्या. पुढचं वाक्य बाहेर येईना. त्या जाऊन दोन चहा घेऊन आल्या, त्यांच्या हातात दिले आणि काम असल्याचं सांगून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या तेव्हा सखू उशांना टेकून बसली होती. नाकाला नळी. म्हाळसाबाई खाटेशी उभी राहून बोलत होती, आवाज दबका पण धारदार. "खोटं कामून लिवलं? आँ? मरायची व्हतीस का? मास्तरीणबाईची नोकरी गेली आसती म्हंजी?" सखूनं दारातल्या वच्छलाबाईंना पाहिलं. मग तिनं नजर खिडकीकडं वळवली आणि आईला काहीच उत्तर दिलं नाही.

वच्छलाबाई आत न जाताच माघारी फिरल्या.

घरी गेल्या तरी त्यांचं कशात लक्ष लागेना. नवरा रामकिसन वाळूजच्या कारखान्यातून आला. जेवताना त्यानं विचारलं, "मुलगी कशी आहे?" त्या म्हणाल्या, "जगेल." आणि मग ताट तसंच ठेवून त्यांनी त्याला सगळं सांगितलं. फॉर्म, वही, नाडी, ओरडणं. सगळं ऐकून तो म्हणाला, "सांगितलंस तर ते लोक काय करतील कुणास ठाऊक. नाही सांगितलंस तर तू काय होशील, ते मात्र मला या चार दिवसांत दिसायला लागलंय."

पाचव्या दिवशी सकाळी वच्छलाबाई वही घेऊन घाटीत गेल्या. भिकन आणि म्हाळसाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून भाकरी खात होते. वच्छलाबाई त्यांच्यासमोर फरशीवरच बसल्या.

"अवं मॅडम, खाली कामून बसता?" भिकन गडबडला.

"मला तुम्हाला एक सांगायचंय. मधे बोलू नका, नाहीतर माझ्याच्यानं होणार नाही." त्यांनी वही उघडली. दोघांनाही वाचता येत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला, आणि कोणता आकडा किती असायला हवा होता तेही सांगितलं. "हे माझं अक्षर आहे. हे मला दोन वेळा दिसलं आणि मी बघितलं नाही. आणि त्या कागदावरचं 'नाही' सखूच्या मनातलं नव्हतं. सगळ्यांनी 'नाही' लिहा असं मीच ओरडून सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळी तिनं मला सांगितलं, आज नको, रात्री झोप नाही. तरी मी तिला पळवलं. ती थांबली होती. मी ओरडले म्हणून ती पुन्हा पळाली."

व्हरांड्यातून एक स्ट्रेचर खडखडत गेलं. भिकननं हातातला भाकरीचा तुकडा फडक्यावर ठेवला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मेंढी धापा टाकाया लागली ना, तर आमी तिच्या कुशीवर हात ठिवून बघतो. कुस लई उडत आसंल तर तिला कळपामागं ठिवतो. तिच्यासाठी समदा कळप दमानं चालवतो. माझ्या बापानं मला चालाया शिकीवलं, तवाच हे बी शिकीवलं." त्यानं वहीकडं पाहिलं. "तुमचा हात तर तिच्या नाडीवर व्हता."

वच्छलाबाईंनी मान खाली घातली.

म्हाळसाबाई उठली, लुगड्याचा पदर झटकला आणि उभ्या-उभ्याच म्हणाली, "दोन दिस झालं, मी तिलाच घालूनपाडून बोलायले. खोटं कामून लिवलं म्हनून. नाकात नळी आसल्याली पोर माझ्या शिव्या खातीया आन गप ऱ्हातीया. तुमचं नाव तिनं एकदाबी घेतलं नाय, बाई." तिचा आवाज फाटला. "एकदाबी नाय!" आणि ती वॉर्डात गेली.

काचेच्या दारातून वच्छलाबाईंना दिसलं. म्हाळसाबाई खाटेवर बसली होती आणि तिनं सखूचं डोकं आपल्या खांद्यावर धरलं होतं. दोघींतलं कोण रडतंय ते कळत नव्हतं.

त्याच दुपारी वच्छलाबाईंनी प्राचार्यांना पत्र लिहिलं, घडलं तसं सगळं. प्राचार्यांनी ते वाचून डोक्याला हात लावला. "तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय, आणि आमच्याही." चौकशी समिती बसली. मैदानाची कामं त्यांच्याकडून काढून घेतली आणि ग्रंथालयात बसवलं. नोकरी राहिली, तोंडी ताकीद मिळाली. स्टाफरूममध्ये आता कुणी थट्टा करत नव्हतं. कुणी फारसं बोलतही नव्हतं.

नानासाहेब सरांनी एकदा घरी बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं तेज उतरलं होतं. "परत पळवा असं मीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "त्याचं मला रोज वाईट वाटतं. पण जे झालं ते झालं. एकोणचाळीस नंबर वगळा. एकोणसाठ मुलींवर प्रबंध उत्तम होतो. मी सही करतो."

"सर, तिचेच आकडे खरे होते," वच्छलाबाई म्हणाल्या. "चाचणी बरोबर सांगत होती. ती चुकीची आहे असं आपण ठरवलं. तिला वगळून मी काय लिहू?"

"मग तिच्यासकट लिहा."

"तिच्यासकट लिहायला मला आधी तिला विचारावं लागेल. ते तोंड मला नाही."

एकतीस मार्च आला आणि गेला.

एप्रिलमध्ये सखूला मुंबईच्या सरकारी इस्पितळात नेलं. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून, तिच्या टोकाचा फुगा फुगवून झडप उघडली. सोबत तिचा मामा मुंजाबा गेला. वच्छलाबाईंनी येऊ का म्हणून विचारलं होतं, तेव्हा भिकननं मान हलवून 'नको' म्हटलं. झडप उघडल्याचं त्यांना घाटीतल्या त्या तरुण डॉक्टरणीकडून कळलं. तिला सोबत घेऊन त्यांनी उरलेल्या एकोणसाठ मुली दोन रविवारी तपासून घेतल्या. डॉक्टरीण एकेकीच्या छातीला नळी लावून ऐके, आणि वच्छलाबाई बाजूला उभ्या राहून तिच्या कपाळावरची आठी बघत. बऱ्याच जणींत रक्त कमी निघालं. हृदय सगळ्यांचं ठीक होतं. शेवटच्या मुलीचं झाल्यावर वच्छलाबाईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हीच दहा मिनिटं आधीच एकेकीमागं दिली असती तर, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

जूनमध्ये कॉलेजं उघडली. होस्टेलच्या यादीत सखूचं नाव नव्हतं. वच्छलाबाईंनी मनाचा हिय्या केला, सकाळची गाडी पकडून लासूर स्टेशनला उतरल्या आणि तिथून वाडीवर चालत गेल्या.

भिकन मेंढरांमागं गेला होता. म्हाळसाबाई अंगणात लोकर निवडत होती. तिनं वर पाहिलं, ओळखलं आणि काही न बोलता पुन्हा मान खाली घातली. 'बसा' म्हणाली नाही. वच्छलाबाई लिंबाच्या सावलीत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं सखू बाहेर आली. चेहऱ्यावर थोडी तरतरी आली होती. या वेळी ती हसली नाही.

"कशी आहेस?"

"बरी हाय. पानी आनू शकते. घागर नाय, बादली."

"सखू, मी—"

"मला त्या दिशी थांबायचं व्हतं, मॅडम." तिनं मधेच तोडलं. हे कितीतरी दिवस मनात धरून ठेवल्यासारखं ती भराभर बोलत होती. "छातीत कायतरी तुटल्यावानी झालं व्हतं. मी थांबले बी. पर तुमी 'ढोंग' म्हनलात. मला माझ्या बापानं कधी ढोंगी म्हनलं नाय. म्हनून पळाले. मरन आलं तरी चालंल, पर तुमी मला ढोंगी समजू नये, आसं झालं मला."

"चूक झाली माझी."

"व्हय. झाली." सखूनं लिंबाची काडी मोडली. "आयनं शिव्या दिल्या तवा मी गप बसले, त्ये तुमच्यासाठी नाय. मला वाटलं तुमी यऊन सांगाल. रोज दाराकडं बगायची. पाच दिस लागले तुमाला."

वच्छलाबाईंनी मान डोलावली, मग विचारलं, "इंजेक्शन घेतेस ना? दर एकवीस दिवसांनी?" तो ताप पुन्हा येऊन झडप खराब होऊ नये म्हणून डॉक्टरांनी ते कितीतरी वर्षं घ्यायला सांगितलं होतं.

उत्तर म्हाळसाबाईनं दिलं, लोकरीतून मान वर न करता. "मागल्या बारीचं चुकलं. दवाखान्यात जायला सोबत कोन? ह्ये मेंढराकडं, मी मोलानं जाते. तिला यकटीला धाडायचा जीव व्हत नाय."

"मी येत जाईन," वच्छलाबाई म्हणाल्या. "आजच जाऊ."

म्हाळसाबाईनं लेकीकडं पाहिलं. लेकीनं पायात चपला सरकवल्या.

लासूरच्या दवाखान्यापर्यंत दोघी चालत गेल्या. वाटेत सखूनं एवढंच सांगितलं की ती शिक्षण सोडणार नाही, पण होस्टेलला येणार नाही. राहिलेल्या परीक्षा बाहेरून देणार. फॉर्म भरायची तारीख कधी, ते तिनं विचारलं. वच्छलाबाईंनी तारीख सांगितली. इंजेक्शन दुखणारं होतं. ते घेताना सखूनं डोळे गच्च मिटले, पण वच्छलाबाईंनी पुढं केलेला हात धरला नाही.

परत येताना वाडीच्या वळणावर ती थांबली. "इथून जाईन मी. तुमची गाडी चुकंल."

"एकवीस दिवसांनी येते. फॉर्म पण आणते."

"माझा राग गेलाय आसं समजू नका."

"नाही समजत."

"पुढल्या बारीला नाय आलात तरी मी कुनाला सांगायची नाय."

"येते मी," वच्छलाबाई म्हणाल्या.

सखूनं 'या' म्हटलं नाही आणि 'नको'ही म्हटलं नाही. ओढणी डोक्यावर घेऊन ती वाडीकडं चालू लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत वच्छलाबाई तिथंच उभ्या राहिल्या, आणि मग स्टेशनाकडं वळल्या.